तांड्याच्या फाट्यावर गाडी थांबली नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय अमरसिंगजी, व्यासपीठावर विराजमान असलेले प्राचार्य महोदय व सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण आज इथे जमलो ते सत्कारमूर्ती प्राध्यापक भीमराज खंदारे सर, आजवर कायम मागच्या रांगेत बसणाऱ्या आणि आज हाताला धरून पुढे बसवाव्या लागलेल्या सरांच्या सौभाग्यवती सोजराकाकू, कार्यालयीन कर्मचारी बंधू-भगिनी, डोंगरकड्याहून, आमच्या तांड्यावरून आलेली माझी माणसं, आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी निलम राठोड. सत्त्याण्णव साली या महाविद्यालयात बी.कॉम.ला आले. आज नांदेडला एका विमा कंपनीत नव्या एजंटांना बोलायला शिकवते. गिऱ्हाइकाच्या दारात उभं कसं राहायचं, पहिलं वाक्य कोणतं, कुठं थांबायचं, हे सगळं. म्हणजे सरांचाच माल मी पुढे विकते म्हणा ना!

सरांविषयी बोलायला मला निमंत्रण आलं तेव्हा आनंद झाला, पण लगेच हो म्हणाले नाही. कारण सरांविषयी बोलायचं तर मिनाविषयी बोलावं लागतं. मिना माझी चुलत बहीण. आम्ही एका तांड्यावरच्या, एका वयाच्या, एकाच वर्गातल्या. ती आज सभागृहात आहे. तिच्या परवानगीनेच बोलते.

त्या काळी ‘व्यावसायिक संभाषण’ हा विषय म्हणजे आमच्यासाठी काय होता? घरी आम्ही आमची गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलायचो, बाजारात मराठी, आणि शहरातल्या दुकानात हिंदी. व्यासपीठावरून बोलायची भाषा चौथीच. पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितलं, प्रत्येकाने पुढे यायचं आणि वर्गाला एक वस्तू विकायची. कोणी साबण आणला, कोणी छत्री. मी हळदीची पुडी घेऊन गेले. “नमस्कार” म्हणाले आणि पुढचं सगळं गेलं. पुडी हातात, तोंड कोरडं. सरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, “नमस्कार चांगला झाला. उद्या पुढचं.”

मिना रिकाम्या हाताने गेली. म्हणाली, “मी शेळी विकून राहिले. शेळी बाहेर बांधून आले, आत आणली तर प्राचार्य रागावतील.” वर्ग हसला. मग तिने त्या नसलेल्या शेळीचे कान, शिंगं, चाल असं काही सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं खिडकीतून बघायला लागली. सरांनी गिऱ्हाईक होऊन विचारलं, “दूध किती देते?”

“ते तुमच्या घरी चारा कोण आणणार, त्यावर हाय, सर!”

सर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या दिवशी ते मला म्हणाले होते, “ही पोरगी कुठं जाईल, सांगता येत न्हाई.”

आता अडचण सांगते. आमचा तांडा मुख्य रस्त्यापासून आत. सकाळची एसटीची गाडी फाट्यावर थांबायची नाही. तिथे थांबा मंजूर नव्हता. आम्ही हात करायचो, गाडी धुरळा उडवून जायची. मग पुढच्या गावापर्यंत चालत. पहिला तास बुडायचा. संध्याकाळी तसंच परत, अंधार पडता पडता. तांड्यावर चर्चा सुरू झाली. पोरी रस्त्यावर उभ्या राहतात, ट्रकवाले हॉर्न वाजवतात. मिनाचे वडील फुलसिंगकाका साधा माणूस, पण लोकांच्या बोलण्याला भिणारा.

सरांना हे कळलं, तेव्हा त्यांनी त्याचाच धडा केला. म्हणाले, “आपण आगाराच्या साहेबाला भेटून बोलू. हेच तर शिकून राहिलो आपण.” आठवडाभर तयारी केली. सर स्वतः साहेब व्हायचे, मुद्दाम तोंड फिरवून बसायचे. मिनाने बोलायचं आणि मी शेजारी उभं राहायचं, असं ठरलं.

आगारातले साहेब भले माणूस होते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. मिना बोलली. किती मुली, किती चालणं, थांबा दिला तर गाडीला किती उशीर, न दिला तर कोणाचं शिक्षण सुटेल. अडखळली नाही, रडली नाही, आवाज चढवला नाही. साहेब ऐकतच राहिले. मग त्यांनी बाहेरच्या लोकांना हाक मारली. “अरे, या रे इकडे! ऐका, पोरगी कशी बोलते! बाळ, पुन्हा एकदा म्हण बरं.”

मिनाने पुन्हा म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला. साहेब म्हणाले, “नक्की बघतो.”

गाडी थांबली नाही.

आम्ही पुन्हा गेलो. साहेबांनी ओळखलं. “ती भाषणवाली ना?” त्यांच्याकडे सुरक्षितता सप्ताह चालू होता. त्यांनी मिनाला त्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं. आम्हाला वाटलं, झालं काम. मिनाने तिथेही अप्रतिम भाषण केलं, शेवटी थांब्याची गोष्टही मांडली. तिला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं, हार मिळाला. आणि त्याच संध्याकाळी परतताना चालकाने आम्हाला फाट्यावर उतरवलं नाही. पुढच्या गावी उतरून आम्ही घड्याळ घेऊन मागे चालत आलो. मिना वाटेत एवढंच बोलली, “निले, त्यांनी मला ऐकलं. मी काय म्हणून राहिले, ते न्हाई ऐकलं.”

मित्रहो, सभागृहात एवढी शिकलेली माणसं बसली आहेत. यावर काय उत्तर द्यायचं असतं?

पुढच्या आठवड्यात मिना कॉलेजात आली नाही. सर सायकलीवर तांड्यावर आले. लिंबाखाली बाज टाकली. फुलसिंगकाकांनी त्यांना पाणी दिलं, मान दिला. सरांनी त्यांना सगळं समजावलं. पोरगी हुशार आहे, दोन वर्षांचा प्रश्न आहे, माझ्या घरी ठेवतो दोघींना, सोजराबाई आईसारखी सांभाळेल. मी दारात उभी राहून ऐकत होते. इतकं नम्र, इतकं पटण्यासारखं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही.

काका म्हणाले, “सर, तुमचं सगळं बराबर हाय. मला एकबी गोष्ट खोडता येत न्हाई. पण उद्या काही बरंवाईट झालं, तर लोकं तुमाला न्हाई इचारणार, मला इचारतील. सोयरीक जमून राहिली. मी शब्द दिला.”

“तिला तरी विचारा,” सर म्हणाले.

काकांनी मिनाकडे पाहिलं. मिनाने बापाकडे पाहिलं. आणि जी मुलगी नसलेली शेळी विकत होती, तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. सरांनी सायकल उचलली. चढावर ती हाताने ढकलत नेत होते, तेव्हा त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

माझ्या वडिलांनी मात्र हो म्हटलं. कारण काही मोठं नव्हतं. माझ्यासाठी सोयरीक आली नव्हती, एवढंच. मी सरांच्या घरी राहून शिकले. सोजराकाकूंनी मला दोन वर्षं जेवू घातलं, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवलं. त्या घरात दोघींपुरती जागा होती. एक गादी गुंडाळून कोपऱ्यात तशीच असायची.

मिनाच्या लग्नानंतरचा पहिला तास मला आठवतो. विषय होता, श्रोत्याचं मन वळवणे. सरांनी फळ्यावर तेवढं लिहिलं आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, “पोरांनो, तिनं चांगलं सांगितलं. मीबी चांगलंच सांगितलं असंल. तरी झालं न्हाई. हे कुठल्या धड्यात बसवायचं, मला कळंना.” मग ते उठले आणि तास घेतला. पूर्ण घेतला. त्यानंतरची कित्येक वर्षं घेतली. माझ्यासारखी न बोलणारी पोरं बोलती केली. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत आहे.

सर आज निवृत्त होत आहेत. त्यांची जागा भरली जाणार नाही, या विषयाचे तास संगणक विषयाला जातील, असं ऐकते. काल मी अध्यक्ष महोदयांना भेटले. ही जागा ठेवा, म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्याही अडचणी सांगितल्या. अनुदान नाही, विद्यार्थी नाहीत. त्यातली एकही गोष्ट मला खोडता आली नाही. मी नमस्कार करून निघाले. मी रोज एजंटांना सांगते की गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी दार सोडू नका. काल मी दार सोडलं.

मिना आज सकाळी माझ्याबरोबर आली. मी तिला म्हटलं, तुझ्याविषयी बोलू का? ती म्हणाली, “बोल. पण मिना बोलायचं विसरली असं सांगू नको. लोकांना ते गोड वाटतं. मला सगळं येतं अजून. रानात एकटी असले की बोलते मी. घरी कामापुरतं बोललं की भागतं.”

सर, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो. सोजराकाकू, तुमच्या हातच्या भाकरीचे आभार मला कुठल्याच भाषेत मानता येणार नाहीत.

अध्यक्ष महोदय, मला दिलेल्या वेळातली थोडी मिनिटं उरली आहेत. आपली हरकत नसेल तर ती मी मिनाला देऊ इच्छिते.

मिना, येतेस?

...मान हलवून राहिली. नाही म्हणते.

बरं. बस तू.

आपण सर्वांनी मला ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. माणसांची नावं घेताना, मान देताना कुठं कमीजास्त झालं असेल, आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन, तर लेकरू समजून पोटात घाला. मी थांबते.