कोपरे कापलेले कागद

मी मूळचा राजापूरकडचा, कातळावरच्या वाडीतला. शाळा तिसरीपर्यंत. रत्नागिरीकडं सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागलो आणि बाळंतपणाच्या वॉर्डात जो राहिलो तो राहिलोच. सगळ्या सिस्टर मला मामा म्हणायच्या. चादरी, दुपटी, बाळांची लंगोटं, सगळ्यांवर न पुसणाऱ्या शाईनं माझा नंबर. धोब्याकडं गेलेलं एक फडकं माझ्या काळात हरवलं नाय, विचारा कोणालाही.

तर काय सांगू तुम्हाला, दोन हजार सालाच्या आसपास एक पोर आली, मुंबईची, नर्सिंग कॉलेजात शिकणारी. बाळंतपणं करणाऱ्या सिस्टर आपल्या नोकरीत किती समाधानी आहेत ते तिला मोजायचं होतं. मी बोललो, बाय, बाळाचं वजन काट्यावर होतं, समाधान कशावर ठेवणार? बोलली, कागदावर, मामा. प्रश्नापुढं पाच चौकोन, अजिबात नाय पासून पुष्कळपर्यंत, खूण करायची. नाव घालायचं नाय, म्हणजे खरं लिहितील. कागद वाटून पेटीत गोळा करायचं काम तिनं माझ्यावर टाकलं, आठवड्यानं येते बोलली.

आता अकरा सिस्टर, अकरा कागद, आणि नाव नाय. एखादा गेला तर कोणाकडं मागू? म्हणून मी भिंतीवरच्या ड्युटीच्या तक्त्यातल्या क्रमानं प्रत्येक कागदाच्या मागं, कोपऱ्यात, बारीक नंबर घातला, चादरीला घालतो तसा. आणि वर शहाणपण असं की मेट्रनबाईंना ते कौतुकानं सांगितलं, पहिला कोणाचा, चौथा कोणाचा. मेट्रनबाई हसल्या. ती बाई हसणारी नव्हे हो. बोलल्या, छान केलंत मामा, पेटी भरली की माझ्या केबिनमध्ये आणा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटी भरली तशी स्टोअरला आतून कडी घातली नि ती उघडली. तिसरी शिकलेला असलो तरी मी इथल्या घरी पेपर मोठ्यानं वाचतो आणि आजूबाजूची सगळी वाडी ऐकते. चौथा कागद शिर्के सिस्टरचा. बाकीच्यांनी नुसत्या खुणा केलेल्या, हिनं मागं लिहिलंही होतं. काम आवडतं, पण एका वेळी दोन बायका अडतात, एकीचा हात सोडून दुसरीकडं पळावं लागतं, मेट्रनना हाक मारली तर केबिनमधून उठत नाहीत. हे केबिनमध्ये गेलं असतं तर सिस्टरची बदली पार मंडणगडला, आणि इथं पालीला घरात तिची आवस, म्हातारी आई, अंथरुणाला खिळलेली.

पट्ट्या कापायच्या कात्रीनं अकराही कोपरे कापले. पण अक्षर कसं कापू? वॉर्डाचं रजिस्टर रोज तीच लिहायची, मेट्रनबाई बघताक्षणी ओळखणार. मग पेटी दिलीच नाय. मेट्रनबाई बोलल्या, मामा, मी सांगते आहे. मी बोललो, जिनं दिली तिच्याच हातात देईन. ती पोर येईपर्यंत घरी जाताना पेटी काखेत, येताना काखेत. आली तेव्हा कागद बघून बोलली, हे काय मामा? मी बोललो, उंदीर. उंदीर एवढं सरळ खातात? मी बोललो, सरकारी आहेत.

मला वॉर्डातून उचलून केसपेपरच्या खिडकीपाशी रांग लावायला ठेवलं, रिटायर होईपर्यंत. त्याचं काय नाय.

पण नंबराचं शिर्के सिस्टरच्या कानावर गेलंच. खिडकीशी आली, तोंड उतरलेलं, बोलली, मामा, खरं सांगा, माझा कागद वाचलात? रांगेत माणसं उभी. जन्मात कोणापुढं बोललो नव्हतो ते बोललो.

“आकडे येतात गो मला. अक्षरं कुठं येतात?”

तिनं श्वास सोडला.

अजून ती त्याच वॉर्डात आहे. मी बीपीच्या गोळ्या न्यायला गेलो की वायच वेळ काढून खाली येते, पाकीट हातात घेऊन मोठ्यानं वाचून दाखवते, मामा, ही सकाळची, ही जेवल्यावरची, कळलं ना? रांगेत आमच्या वाडीतला कोणी असला तर माझ्या तोंडाकडं बघतो. मी त्याच्याकडं बघत नाय. मान हलवतो, ऐकून घेतो. देव तिला सुखात ठेवो.