समुद्राचा मान

कुरुंद्याच्या एसटी थांब्यावर शालूबाई हळदीच्या पोत्याला टेकून बसली होती. मागच्या बाकड्यावर मेंढरंवाला मल्हारी आणि त्याची बायको पंचफुलाबाई बोलत होती. मुंबईच्या लेकानं दोघांना जहाजाच्या सहलीला बोलावलं होतं. शालूबाईची एक गाडी गेली, तरी ती उठली नाही.

"पोरगं म्हणते, जहाजावर आपली आपली वाईन नेता येते. माणशी एक बाटली."

"मंग?"

"तुझ्या वाटची बी मीच घेतो."

"गावातलं दुकान मी बायका गोळा करून बंद पाडलं, आन् आता बाटली माझ्याच नावावर?"

"प्यायला न्हाई गं! पाण्याला दारूची धार द्यावी लागते. मेंढरं नदीत घालायच्या आधी देत न्हाई का मी?"

"देता की, टोपणभर. बाकीची कुठं जाते, ते बी ठाव हाय मला."

"मंग नेऊ का नको?"

"न्या. दोन्ही न्या. धार मातर मी घालीन."

"टोपणभरच घाल बरं. तेवढ्यात मान पावते."

"टोपणभर आपल्या आसना नदीला. समुद्राला दोन्ही बाटल्या बी कमीच पडतील."