गोकुळची गाडी आली

नाय, धक्का नका देऊ आता, धक्के मारून झाले. मघाशी त्या रसवंतीवरची माणसं बोलावली, पार त्या चिंचेपर्यंत ढकलत नेली अन् परत आणली — रस प्यायले अन् गेले बिचारे. बॅटरी? बॅटरी टकाटक हाये हो, हा हॉर्न ऐका — बघा, हाये का काही कमी? स्टार्टर मारला की नुसती घुरघुरते, चालू काही होत नाय. आधी काय झालं ते तर ऐका. पैठणकडून परत यायलो होतो, बिडकीन ओलांडलं तवर ब्येस होती, हे चितेगाव आलं अन् तिची ओढच गेली. मी पाय दाबतोय, ती ऐकंना. मागून ट्रकवाल्यांचे हॉर्नवर हॉर्न. म्हणलं डिझेलमधी हवा धरली. मी एसटीचा डायवर हो, सिल्लोड डेपो, सगळी नोकरी तिथंच झाली — हवा धरली की नट ढिला करायचा, हातानं पंप मारायचा, बुडबुडे बंद झाले की नट आवळायचा, पॅसेंजरची बिडी संपायच्या आत गाडी चालू. अन् हिचं बोनट उघडलं तर वरून नुसतं काळं प्लास्टिक. नट कुठं, पंप कुठं — गपचूप झाकण लावून टाकलं.

अन् तुमच्या त्या हेल्पलाइनच्या फोनवरच्या बाईनं तर लई बेजार केलं. हिंदीसाठी हे दाबा, मराठीसाठी ते दाबा, दाबलं तर गाणं लागतं. मग म्हणती जवळची खूण सांगा. म्हणलं बाई, पैठण रोड, चितेगाव, कंपन्यांच्या अलीकडं मोठा लिंब हाये, त्याच्या सावलीत उभा हाये. म्हणती मॅपवर लिंब दिसत नाही. आता याला काय म्हणावं? जिल्ह्यातला हरेक रस्ता माझ्या पायाखालून गेलाय, अन् मला म्हणती तुमचं लोकेशन सापडत नाही. जाऊ द्या. तुम्ही आला ना. शिवराज नाव का? शर्टावर लिहिलंय म्हणून म्हणलं. गाव? दौलताबाद! मग घरची सीताफळं असतील. असतील, असतील, लाजता काय.

तो डबा कुठं खुपसला? स्टेरिंगखाली? म्हणजे गाडी त्याला सांगती काय दुखतंय ते? कमाल हाये. आम्ही कान लावून ऐकायचो. तो आवाज असा आला की हे, तसा आला की ते — काय? ते डॅशबोर्डवर? काही नाय, चिकटपट्टी हाये. मीच लावली. एक पिवळा दिवा लागायचा तिथं, लागला की इझायचाच नाय, सारखा डोळ्यात टोचायचा. गाडी तर चालू होत होती, मग दिव्याची फिकीर कशाला करायची, म्हणून दिली पट्टी लावून. हसू नका. काढू? काढा तुम्हीच.

मालक? मीच मालक समजा. नाय म्हणजे — आरसीवर पोराचं नाव हाये. गोकुळ. त्याचीच गाडी. तो ड्युटीवर हाये, हे काय, तो निळा पत्रा दिसतो ना, तीच त्याची कंपनी. सुपरवायजर होता. हाये. त्याला कशाला बोलावता पण? मी बाप हाये त्याचा. त्याच्या मोबाईलवर नंबर येणार? तो तुम्हाला सांगितला तरच गाडी तुमच्या ट्रकवर चढवणार? मोबाईल माझ्याकडंच हाये, हा बघा, शर्टाच्या खिशात. सांगतो नंबर, सांगतो, पळून जात नाय मी. पण आधी हे सांगा, गाडी कुठं नेणार? वर्कशॉपला? नाय नाय. तसं नाय जमायचं. आमचं घर नक्षत्रवाडीला, तुमच्या रस्त्यातच लागतं. तिथं फाटकासमोर उतरवा, एकदा चालू करून द्या, अर्धं मिनिट चालली तरी बास. उद्या मग कुठंबी घेऊन जा, भंगारात द्या, मी नाय इचारणार. आज दिवेलागणीच्या आत तिचा आवाज झाला पाहिजे घरी. हे ऊन बघा कुठं उतरलं.

का म्हणजे? तुम्हाला का सांगू? ... नाय, रागावलो नाय. बसा. या दगडावर बसा, चटके नाय बसत, सावलीतला हाये.

आमची बायको — गोकुळची आई — ती कानावर जगलेली बाई हाये. सिल्लोडला रोडच्या कडंला घर होतं आमचं. माझी गाडी वळणावर आली की तिला घरात कळायचं. किती एसट्या जायच्या त्या रस्त्यानं! जळगावच्या, बुलढाण्याच्या, कुठल्या कुठल्या. पण माझीच ओळखायची, गिअर टाकायची तुमची तऱ्हा निराळी हाये म्हणायची. मी डेपोत गाडी लावून पायी घरी येईस्तवर भाकर ताटात. जन्मभर कधी गार भाकर खाल्ली नाय मी. आता डोळ्यानं अंधुक दिसतं तिला, अन् डोक्याचंबी — डॉक्टर म्हणले हा इसरायचा आजार हाये, याला इलाज नाय, सांभाळायचं. सकाळी जेवली की दुपारी म्हणती मला जेवायला कोणी दिलं नाय. मला कधी कधी भाऊ समजती अन् गाऱ्हाणं सांगती — माझंच, माझ्यापाशी. पण कान शाबूत हायेत. गाडीचा आवाज ती इसरली नाय. संध्याकाळी फाटक वाजलं, गाडी आत आली, दार धपकन लागलं की खाटेवर उठून बसती. आला वाटतं गोकुळ, म्हणती. मग मी ताट नेतो, अन् तेवढंच गुमान जेवती.

व्हय... बरोबर बोलले. तो ड्युटीवर हाये तर गाडी माझ्यापाशी कशी.

तो नाय राहिला. संक्रांत झाली अन् मग. इथंच, कंपनीत, दुपारच्या चहाला उठला अन् छाती धरून खाली बसला. लग्नाचं बघत होतो त्याचं, कन्नडची पोरगी होती, हो म्हणायचंच राहिलं होतं. कंपनीतल्या पोरांनी लई धावपळ केली, कुणाला बोल लावावा असं काही नाय. हिला सांगितलं. सांगावं लागतंच की, आई हाये. जी रडली, जी रडली, भिंतीला डोकं आपटून घेतलं. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मला इचारती, गोकुळचा डबा भरला का? पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, पहिल्यासारखंच — म्हणजे कसं सांगू, शिवराज, आपण मातीला जाऊन आलेलो असतो, आपल्या मनाला जराशी खपली धरलेली असती, पण तिचं पोरगं तिथल्या तिथं नव्यानं मरत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा इचारलं. माझी नाय झाली हिंमत. पाण्याला जातो म्हणून बाहेर पळालो अन् नळाखाली डोकं धरून बसलो.

गाडी इथंच होती, कंपनीच्या पार्किंगात. तेरावा झाल्यावर मी घेऊन गेलो. मनात काही नव्हतं हो माझ्या, शपथ — नुसती गाडी घरी न्यायची म्हणून नेली. फाटकातून आत घेतली, बंद केली, दार लावलं, अन् आतून आवाज आला. आला वाटतं गोकुळ. भाकर टाका म्हणावं कोणीतरी, लेकरू भुकेलं आलंय. त्या दिवशी पोटभर जेवली ती. कितीतरी दिवसांनी. आता मी काय करायला पाहिजे होतं, सांग तू मला. तूच सांग. तवापासून रोज दिवेलागणीला फाटक उघडतो, गाडी चालू करतो, जरा पुढं घेतो, जरा मागं घेतो, बंद करतो, दार लावतो. तिनं इचारलं कुठंय, तर सांगतो आंघोळीला बसलाय, सांगतो कंपनीत जेवून आलाय, झोपला वर. सकाळी तिच्या काही ध्यानात नसतं. सकाळ झाली की मी दिवसभर संध्याकाळची वाट बघतो. व्हय, मीच बघतो. तिच्यापेक्षा जास्त बघतो म्हण.

हां, काय म्हणलास? पुन्हा सांग. जाळी? सायलेन्सरमधी जाळी असती, अन् तिच्यात काजळी भरली? गच्च? एसटीला असली जाळी नव्हती बाबा, आम्ही धूर सोडायचो अन् मागचे खोकायचे. बरं, मग ही भरली कशानं? ... लांब पळवली की ती काजळी आपोआप जळून जाती. अन् रोज जागच्या जागी चालू करून बंद केली तर साचत जाती. म्हणजे — थांब, मला नीट समजू दे. रोज रोज चालू करून बंद केली, त्यानंच. तो दिवा तेच सांगत होता. मला पळव, मला पळव म्हणत होता, अन् मी वरून पट्टी लावली. शेजारचा प्रणय म्हणला होता, काका, गाडी काळा धूर टाकती, जरा मोकळ्या रोडला पळवून आणा, म्हणून तर आज काढली. पैठणपर्यंत नेली. उशीर झाला म्हणतोस. अशी भरल्यावर रोडला नाय जळत, वर्कशॉपलाच जाळावी लागती. बरं. बरं. मीच मारली म्हण की तिला, पोराची एवढी एक वस्तू राहिली होती.

नाय, तुझं काय चुकलं? इचारलं म्हणून सांगितलंस.

हॉर्न? हॉर्न वाजतो, पण हॉर्नचा उपयोग नाय. गोकुळ दारात कधी हॉर्न वाजवायचा नाय. आई झोपली असंल म्हणायचा, गाडी उभी करून स्वतः उतरून फाटक उघडायचा. अन् तुझ्या या ट्रकचा आवाज ती दुरूनच ओळखंल, इचारंल, ट्रक कुणाचा आलाय दारात? ट्रक म्हणलं की घाबरती. चालू होणारच नाय ना ही? एकदाबी? घरापुरती? ... मग आज ती जेवणार नाय. रात्रभर इचारंल, गोकुळची गाडी आली नाय, गोकुळची गाडी आली नाय. अन् मला पुन्हा एकदा तेच सगळं सांगावं लागंल.

शिवराज, एक काम करशील? नाय म्हणायचं नाय, आधी ऐक. वय काय तुझं? तेवढंच त्याचंबी. घर रस्त्यातच हाये. ट्रक लांब लाव, कोपऱ्यावर. तू माझ्यासंगं फाटकापर्यंत ये. आत नको येऊस, तुला कोणी काही इचारणार नाय. उंबऱ्याच्या बाहेरून नुसतं म्हणायचं, आये, आलो गं. बास. तो तेवढंच म्हणायचा. गाडीचा आवाज नाय तर नाय, माणूस तरी. तिला अंधुक दिसतं, दारात उजेड मागून येतो, तुझं तोंड नाय दिसायचं तिला. मग तू जा तुझ्या रस्त्यानं, गाडी ने, कुठं न्यायची तिथं ने. म्हणशील ना? बघ, असं हळू म्हणायचं, थकल्यासारखं, अन् शेवटी जरासं ओढायचं. आये, आलो गं. म्हणून बघ एकदा. इथं कोण हाये ऐकायला, ट्रकवाले? म्हण.

...

थांब. पुन्हा म्हणू नको.

नाय, चुकलं नाय तुझं. बरोबर म्हणलास. लई बरोबर म्हणलास. मी इथं तुझ्यासमोर बसलोय, तुझ्याकडं बघतोय, मीच तुला शिकवलं काय म्हणायचं ते, अन् तरीबी माझं तोंड फिरलं, त्या कंपनीच्या गेटाकडं. मी बघायला लागलो कुठून आला म्हणून. शिवराज, माझं डोकं तर शाबूत हाये ना रे? अन् तिच्या दारात असं म्हणलास तर ती उठून येईल. तोंड चाचपंल तुझं. मग काय सांगू मी तिला, हा कोण हाये म्हणून? नको बाबा. मी काय करायला निघालो होतो. डोळे पूस, आधी तू डोळे पूस, रस्त्यावर उभा हायेस.

हा माझा वाजतोय. शेजारच्या आशाबाई असतील, हिच्यापाशी बसवून आलोय त्यांना. थांब जरा. — हॅलो. हां आशाबाई, बोला. उठून बसली का? इचारती? गाडी आली का म्हणती... व्हय. नाय, नाय आशाबाई, तो आंघोळीला गेलाय, असं आज तुम्ही म्हणू नका. येतच असंल, असंबी म्हणू नका. सांगा, मी निघालोय. मी एकटाच येतोय म्हणून सांगा. व्हय, एकटाच. पुढचं मी सांगतो, मलाच सांगू द्या. उद्या पुन्हा सांगावं लागलं तर उद्या सांगंन. तवर तिच्यापाशी बसा तेवढं, हात धरून बसा.

हा घे गोकुळचा मोबाईल. मघाशीच आलाय तुझा तो नंबर, खिशात थरथरला होता. तूच वाच, मला दिसंना. काय लिहिलंय वरती? नमस्कार गोकुळ? ... लिहितात, रोज लिहितात, कोणी ना कोणी लिहितंच. घातला का नंबर? मग चढव गाडी. पट्टे नीट आवळ. नाय, तुझ्या ट्रकात नाय बसत मी, रिक्षानं जाईन. जा तू आता. जा म्हणतो ना, शिवराज — जा.