अर्ध्या इंचाची जाळी

साप चावल्यावर माणूस आधी कडी लावतो का हो, मास्तर? नाही, सांगा ना. एवढी पोरं शिकवून मोकळी केलीत तुम्ही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बाहेर बसा. वहिनीला विचारलं, ती उठून आत गेली. दादानं अंडी काढायला पेटीत हात घातला, साप डसला, डसून मागच्या बाजूनं निघूनही गेला — आणि हा बाबा काय करतो? खुराड्याचं दार ओढतो, वरची कडी लावतो, खालची कडी लावतो, आणि मग मला हाक मारतो. कोंबड्या बाहेर पडतील म्हणून! दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता. असो. टोपली ठेवा खाली. आई म्हणाली कोंबड्या मास्तरांना देऊन टाक, म्हणजे देणारच मी. पण आधी तुमची परीक्षा. चौथीत दोनदा बसवलंत मला, आता तुमची पाळी.

घरी काय बांधलंय? — खोका? वा! आणि जाळी कसली? सहा कोनांची, मऊ, कात्रीनं कापता येते ती? शाबास. मास्तर, ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर नाही ठेवत. कुत्रा ती दातांनी उसवतो. मुंगसाला तर दोन बोटांची फट म्हणजे सताड उघडं दार. आणि दाराला काय? — सुतळी! गाठ पक्की मारता म्हणे! अहो, मांजर पंजानं आकडा उचलतं, तुमच्या गाठीचं काय घेऊन बसलात? आणि जमिनीखाली? काहीच नाही? डोंबल तुमचं. जाळी वीतभर पुरायची आणि बाहेरच्या अंगाला हातभर पसरायची — उकरणारा भिंतीला चिकटूनच उकरतो, जरा मागं सरकावं एवढी अक्कल त्याला नसते. हसू नका, तुम्हालाही नव्हती.

मला कुणी शिकवलं? दादानं, आणखी कुणी? सगळं टेप लावून करायचा. मला म्हणाला, अर्ध्या इंचाची आण, कडक, चौकोनी. ती वाकत नाही, हात कापते, एका बाजूला आख्खी दुपार जाते — आणि मला मॅच होती. मॅच, हो! तीन बाजू नीट केल्या. मागं घरातलीच जुनी ठोकली, सहा कोनांची. पेटीच्या पाठीमागं कोण बघतंय? दादानं विचारलं, झालं? म्हटलं, झालं. साऱ्या जगाचं काम मोजून घ्यायचा, माझ्या कामाला कधी टेप लावला नाही त्यानं. साप तिथूनच आला, तिथूनच गेला. दुसरी वाटच नव्हती. — काय बघताय असं?

बदललीय आता. मागची, वरची, तळाची, सगळी अर्ध्या इंचाची. हे हात बघा. मुंगीला आत यायचं तर अर्ज करावा लागेल. आणि आता आई म्हणते, ते खुराडं डोळ्यांसमोर नको. बरोबरच आहे तिचं. वहिनीला माहीतच नाही ना, मागची बाजू कुणी — हे बघा मास्तर, तुम्ही सांगायचं नाही. सांगायचं असेल तर मी सांगेन. सांगेन ना! लाकडं फोडायला वापरा तो तुमचा खोका. हे खुराडंच उद्या हातगाडीवर आणून देतो. आजच्या दिवस कोंबड्या घरात घ्या, मास्तरीणबाई ओरडल्या तर ओरडू देत.

टोपलीत चार झाल्या. — पाचवी? पेटीत आहे. खुडूक झालीय, अंड्यांवरून उठत नाही. अंडी कोण काढणार होतं? पंधरा दिवस त्या पेटीत कुणी हात घातलेला नाही. मी जाळी ठोकली ती बाहेरून. — काठी? काठीनं ढोसताय तिला? पोरांना ढोसायचात तसं? ठेवा खाली! ठेवा म्हणतो ना!

सरका. हात मी घालतो.

चोच मारतेय. मार बाई, मार.

ही घ्या. पंख दाबून धरा. अंडीही घ्या, तिच्याच पोटाखाली ठेवा, गरम आहेत अजून. आता निघा, मास्तर. — माझा हात काय बघताय? चोच लागलीय, दुसरं काही नाही. निघा म्हटलं ना.