लाल डब्यातली पट्टी

आमच्या मायनं एकदा आमचा अख्खा कारखाना थांबवला, ते सांगतो तुम्हाला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळाचं साल. एसटीत सगळे उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून भांडत होते, अन् माय जळकोटहून नांदेडला माझ्याकडं आली ती एकदा मनासारखी आंघोळ करायला.

आमचं मशीन ऑपरेशनच्या स्टेपलरची पट्टी भरतं. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्यात केसासारख्या बारीक पिना रांगेनं बसतात. डॉक्टर त्यानं कापलेलं आतडं शिवतात. एक दिवस मी मायला कारखाना दाखवायला नेलं. ती डोक्याला टोपी घालून, सगळ्यांना जयभीम करत आत आली. मशीनपुढं उभी राहिली ती पापणी हलवंना.

तेवढ्यात मशीननं एक पट्टी खराब मालाच्या लाल डब्यात टाकली. मी जरा पाठ फिरवली, अन् मायनं ती उचलून चांगल्या पट्ट्यांत ठेवली.

"चांगली तर हाय. कशाला वाया घालता?"

मी पळत जाऊन साहेबांना बोलावलं. कोणती ठेवली, ते तिलाही ओळखू येईना. साहेबांनी काम थांबवलं अन् सगळ्या पट्ट्या पुन्हा मशीनच्या कॅमेऱ्याखालून सोडल्या. मशीननं एकच बाहेर फेकली. साहेबांनी ती भिंगाखाली धरली. एका घरात पिनच नव्हती.

"एका टाक्यानं काय होतंय, साहेब?"

"तेवढ्या फटीतून आतडं गळतं, मावशी. माणूस जातो."

माय पुन्हा मशीनकडं वळली. मग मला हळूच म्हणाली, "पोट कुणाचं, जात कोणती, कायबी इचारलं न्हाई बघ त्यानं."