कोणती सावंगी?

सर्व्हरवर काम करणं मले आमच्या जोशी मॅडमनं शिकवलं, तेही एका कमांडीत. कापसाचं वाटोळं झालं होतं ते साल. यवतमाळच्या ऑफिसात आम्ही गावोगावच्या नुकसानीच्या याद्या चढवून राह्यलो होतो. फुलसावंगीचं फोल्डर कोणीतरी 'फुल सावंगी' असं तोडून दुसऱ्यांदा बनवलं होतं. ते पुसाची कमांड मी लिहिली. एंटर दाबणार, तेवढ्यात मॅडम म्हणे, "थांब. पुसाच्या कमांडीच्या जागी एलएस लिही. ते नुसतं दाखवते, पुसत नाही."

"कायले मॅडम? नाव तर बरोबर हाय."

"मशीनले विचार ना."

विचारलं. मशीन म्हणे, 'फुल' नावाचं काही नाही, अन् खाली सावंगी नावाच्या दुसऱ्याच गावाची अख्खी यादी दाखवली. मधल्या मोकळ्या जागेमुळं तिले ती दोन नावं वाटली होती. मी एंटर दाबलं असतं तर ते गावच यादीतून गेलं असतं.

मॅडमनं शांतपणे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घातलं, म्हणजे मशीन ते एकच नाव धरते.

"एसटीत चढताना कंडक्टरले विचारतो ना, कोणती सावंगी म्हणून? मंग इथं काहून नाही विचारत?"