गोटमारीच्या दिवशी दहा करंज्या

...अन् वरून मलाच म्हणून राहिले सारे, "सुधाकाकू, तुम्ही खिडकीत डोकं कायले घातलं?" आता तुम्हीच सांगा, खिडकी उघडी, आतून फटाफट मारल्याचा आवाज, शेजारीण काय आभाळ पाहत बसंल? नाहीतर मी कोणाच्या मधात पडत नाही, साऱ्या गल्लीले माहीत आहे.

तुम्हाले सांगते, पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, अन् दोन्हीकडून एकमेकांवर दगडं सुरू. आमच्या शेजारची अपर्णा, तिचा नवरा रवींद्र पांढुर्ण्याचा, भाऊ नितीन सावरगावचा. म्हणजे साळ्या-भाटव्यानं एकमेकांची डोकी फोडायचा हक्काचा दिवस. अपर्णानं सकाळीच दोघांले घरात कोंडलं, आतून कुलूप, किल्ली कमरेले. "औंदा कोणाचं डोकं फुटणार नाही," म्हणे.

हो... नाही फुटणार.

रवींद्रनं विषय काढला पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरचा. "विक्री दुप्पट झाली, नितीन. अपर्णाच्या पाटल्या मोडतो अन् घेतो."

"भाऊजी, नुसती विक्री नका पाहू. ग्रॉस मार्जिन पाहा."

"ते काय राहते?"

आता तोंडानं समजाव ना, बाप्पा. पण यानं कालच्या करंज्यांचा डबा ओढला. वातड नाही, दगड झालेल्या. मी कोणाच्या मधात पडत नाही, म्हणून खिडकीतूनच पाहत होती.

"ह्या दहा करंज्या म्हणजे शंभर रुपयांचे पंप विकले. हे गेलं तांबं." फाडकन रवींद्रच्या छातीवर. "हे लोखंड." कानावर. "ही कारखान्यातली मजुरी, हे मशीनचं वीजबिल..." सहा गेल्या, अन् रवींद्रच्या ओठातून रक्त. "उरल्या चार. हा दोन वर्षांआधीचा ग्रॉस मार्जिन, चाळीस टक्के. आता तांबं महागलं, अन् माल खपवाले कंपनीनं भाव पाडला. दहातल्या आठ जातात." अजून दोन फेकल्या मेल्यानं. "उरल्या दोन. त्यातूनच ऑफिस, जाहिरात, व्याज. बाकी पंपवाल्यांच्या आजही चार उरतात, मग याच्याच कायले घटल्या?"

रवींद्रनं त्याची गचांडी धरून डोकं भिंतीवर आपटलं. "विक्री दुप्पट आहे ना बे."

"मग वीस तळा, सोळा वाटून द्या," नितीन घुसमटत बोलून राहिला, "उरल्या चारच. दुप्पट मरमर कायसाठी?"

खरं सांगू, मला समजलं. रवींद्रलेही समजलं असंल, कारण समजल्यावरच माणूस इतका पेटते. त्यानं पितळी गडवा उचलला. तेवढ्यात अपर्णानं हातातल्या पाटल्या ओरबाडून काढल्या अन् खिडकीतून माझ्या हातात कोंबल्या. "काकू, धरा." मी कोणाच्या मधात पडत नाही, पण मूठ तर आपोआप मिटते ना? रवींद्रनं ते पाहिलं, गडवा सुटला, नितीन वाकला...

मी नाही वाकली.

गोटमारीच्या दवाखान्यात फुटक्या डोक्यांची ही रांग. माझ्या कपाळाले टाके घालून राहिले अन् रवींद्र कानाशी, "काकू, मूठ खोला ना."

"डोकं शिवू दे रे आधी."

"काकू, पाटल्या आता तुमच्याजवळच राहू द्या," अपर्णा म्हणाली, अन् दोघांकडं अशी पाहिली का दोघंही रांगेच्या मागं जाऊन उभे राहिले.

कंपाउंडरनं नाव विचारलं. मग म्हणते, "बाई, पांढुर्ण्याकडून का सावरगावकडून?"

काय सांगू आता त्याले...

"लिही बापा," म्हटलं, "मधातली."